संपाचं प्रकरण

मूल्यांकन समिती येऊन गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुलसचिवांचं बोलावणं आलं, तेव्हा इतिहास विभागाच्या मॅडम खुर्चीत नुसत्या बसून होत्या. गेले काही महिने त्यांनी विभागात जे घडलं ते, आणि जे घडलं नव्हतं तेही, समितीच्या रकान्यांत बसवलं होतं. भिंतींना रंग लागला होता, दारात कुंड्या आल्या होत्या, आणि समितीची गाडी फाटकाबाहेर पडताच कुंड्या परतही गेल्या होत्या. आता निदान आठवडाभर आपल्याला कुणी काही मागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. शिपाई म्हणाला, साहेबांनी दोघांना बोलावलंय. दोघांना म्हणजे मॅडमना आणि तळटीप सरांना. मॅडमना उठणं जिवावर आलं ते या ‘दोघांना’मुळे.

विभागात कायम नेमणुकीचे शिक्षक आता दोघंच उरले होते. एके काळी नऊ होते. कुणी निवृत्त झालं, एक जण वारले, एकीनं कंटाळून नोकरी सोडली, आणि रिकाम्या जागा भरायची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. बाकीचं शिकवणं तासावर येणारी पोरंपोरी करत. ती दर वर्षी बदलत, त्यामुळे त्यांची नावं पाठ होईपर्यंत वर्ष संपायचं. तळटीप सर चणीनं लहान होते, आणि शिकवताना मूळ विषय वर राहून त्यांची खालची टीपच लांबत जायची. फार पूर्वीच्या कुठल्याशा तुकडीनं ठेवलेलं हे नाव त्यांना जे चिकटलं ते कायमचंच.

मॅडम आणि ते पंचवीस वर्षं कामापुरतं बोलत होते. फाइल पाठवली आहे, बैठक तीनला आहे, यापलीकडे नाही. त्यांचं भांडण असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. नव्या माणसाला वाटायचं, दोघांचाही स्वभाव अबोल असेल. मग कधीतरी मॅडम व्हरांड्यात दुसऱ्या कुणाशी खळखळून हसताना दिसायच्या, आणि त्याला काय ते कळायचं.

कुलसचिवांनी त्यांना बसवून काम सांगितलं. विद्यापीठाला पन्नास वर्षं होताहेत, इतिहासाचा एक ग्रंथ काढायचा आहे, आणि घरात इतिहास विभाग असताना बाहेरच्या कुणाकडे जावं हे कुलगुरूंना पटत नाही. सर त्याच सुमारास निवृत्त होणार, तेव्हा जाता जाता त्यांच्याही हातून एक चांगलं काम होईल. मॅडमनी सुट्टीचा विषय काढून पाहिला. कुलसचिव म्हणाले, सुट्टीत तर किती शांतता असते.

विद्यापीठ गावाबाहेर, लष्करानं सोडून दिलेल्या एका छावणीत सुरू झालं होतं. बसक्या, कौलारू, लांबच लांब बराकी. पहिल्या वर्षी एकीत ग्रंथालय, एकीत रसायनशास्त्र, एकीत मुलांचं वसतिगृह, आणि मधल्या भिंती छतापर्यंत गेलेल्या नसल्यामुळे गणिताच्या तासाला बसलेल्यांना शेजारचं अर्थशास्त्र फुकटात ऐकायला मिळायचं. पुढे पैसा आला तसे विज्ञानाचे विभाग नव्या इमारतींत गेले, मग वाणिज्य गेलं. व्यवस्थापन तर जन्मलं तेच काचेच्या इमारतीत. इतिहास मात्र बराकीतच राहिला. प्रत्येक नवे कुलगुरू एकदा बघायला येत आणि म्हणत, इतिहासाला हीच जागा शोभते. तेवढं बोलून ते जात, आणि पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून पुढे ओढायचं काम मॅडमकडे राही.

मॅडमचं सगळं आयुष्य याच आवारात गेलं होतं. त्यांचे वडील इथे गणित शिकवायचे. त्या शिकल्या इथेच, लागल्या इथेच, आणि आता कर्मचारी वसाहतीत, ज्या गल्लीत त्या लहानपणी सायकल शिकल्या त्याच गल्लीत, आईबरोबर राहत होत्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायचंही लोकांनी आता सोडून दिलं होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी, विद्यापीठाच्या रौप्यमहोत्सवाला, असाच एक ग्रंथ निघाला होता. तळटीप सर त्याचे संपादक, आणि मॅडम नव्यानं लागलेल्या. त्यांनी तेव्हा एक प्रकरण लिहिलं होतं, संपाचं. विद्यापीठाच्या आठव्या वर्षी शिक्षकांनी संप केला होता. वर्षानुवर्षं हंगामी ठेवलेल्यांना कायम करा, एवढी साधी मागणी होती. सगळं सत्र बंद राहिलं, मुख्य फाटकाशी साखळी उपोषण झालं. शेवटी इतिहास विभागाचे त्या वेळचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी संपात जायला नकार दिला, बाहेरगावाहून निवृत्त शिक्षक आणले आणि पोलीस बंदोबस्तात परीक्षा घेऊन टाकल्या. परीक्षा झाल्या तसा संप मोडला. चौघांच्या नोकऱ्या गेल्या. मॅडमच्या वडिलांना परत घेतलं, पण त्यांची मधली सेवा धरली नाही, आणि मागाहून आलेली माणसं त्यांच्या पुढे गेली. ते कधीच विभागप्रमुख झाले नाहीत. मॅडमनी प्रकरण लिहिलं तेव्हा वडील नुकतेच गेले होते. मोठे सर हयात होते, आणि तळटीप सर त्यांचे लाडके विद्यार्थी. सरांनी ते प्रकरण ‘पुरेशा पुराव्याअभावी’ असा शेरा मारून परत केलं. मॅडमनी तो शेरा वाचला, कागद पिशवीत टाकले, आणि त्या दिवसापासून कामापलीकडचं बोलणं बंद केलं.

आता दोघं पुन्हा त्याच बराकीत, एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसायला लागले. मॅडमनी इमारती आणि विभाग घेतले, सरांनी माणसं. मुलं गावी गेली होती, कँटीन बंद होतं. दुपारी पंखा गरम हवाच खाली ढकलायचा. जुने अहवाल चाळताना मॅडमना पुन्हा पुन्हा तेच दिसत होतं: दर दहा वर्षांनी अभ्यासक्रमाची फेररचना, दर दहा वर्षांनी ‘नव्या पर्वाची सुरुवात’, आणि त्याखाली जवळजवळ तीच वाक्यं. एक तर स्वतः त्यांनीच लिहिलेलं निघालं. वाचून त्यांना जांभई आली.

असंच एका दुपारी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, संपाचं प्रकरण घ्यायचं ना?”

मॅडमना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. या वाक्याची त्यांनी किती वाट पाहिली होती. पूर्वी कधी झोप लागत नसली की ते वाक्य त्या सरांच्या तोंडी घालायच्या आणि मग त्याला उत्तरं तयार करायच्या, एकाहून एक झोंबणारी. आता ते खरोखर समोर आलं, आणि आत काही उसळलंच नाही. राग शोधावा तर राग सापडेना. त्या एवढंच म्हणाल्या, की ते लिहिलेलं घर बदलताना कधीच रद्दीत गेलं. सर म्हणाले, मग परत लिहायला लागेल. मॅडम म्हणाल्या, बघू.

संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं. आई ऐंशी ओलांडलेली, गुडघ्यांनी हैराण, पण जीभ शाबूत. ती गॅलरीत कपड्यांच्या घड्या करत होती. संपाचं नाव काढल्यावर ती आधी हसलीच.

“अगं, तुझे बाबा उपोषणाला बसायचे ना, ते पाळीनं असायचं. आज हे चार, उद्या ते चार. पाळीच्या आदल्या दिवशी दुप्पट जेवायचे आणि सुटल्यावर तिप्पट. त्या महिन्यात त्यांचं वजन वाढलं होतं.”

मॅडमना हे माहीत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते खोल गेलेल्या डोळ्यांचे बाबा. बारा वर्षांच्या मुलीनं फाटकाशी पाहिलेले. आई सांगत गेली. तिसऱ्या आठवड्यापासूनच त्यांना परत जावंसं वाटत होतं. मुलांचं वर्ष बुडतंय म्हणून जीव खालीवर व्हायचा. पण बाकीच्यांना तोंड कसं दाखवायचं. मग रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी जाऊन बसायचे. मोठ्या सरांवर राग होताच, तो मरेपर्यंत राहिला. मग आईच्या हातातली घडी थांबली.

“बाबा गेले तेव्हा मोठे सर आले होते घरी. उन्हात चालत. तेव्हा त्यांचंही वय झालेलं. मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. दारातच उभे राहिले, हात जोडले आणि गेले. ते मला अजून लागतं बघ.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तू तेव्हा कुणाचं ऐकत होतीस का,” आई म्हणाली आणि पुढचा टॉवेल उचलला.

दुसऱ्या दिवशी मॅडम बराकीत गेल्या त्या विचारायचं ठरवूनच. इतकी वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत आहे असं त्या धरून चालल्या होत्या: गुरूची बाजू राखायला चेल्यानं प्रकरण दाबलं. तरी त्यांनी विचारलं. तेव्हा खरं कारण काय होतं?

सर बराच वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत राहिले.

“तुमच्या प्रकरणात एक वाक्य होतं,” ते म्हणाले. “‘काही लाचार विद्यार्थ्यांना हाताशी धरून परीक्षा उरकण्यात आली.’ त्या लाचारांतला एक मी.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील वीटभट्टीवर कामाला होते. घरात पाठची तीन भावंडं. पोराला कॉलेजला पाठवायचं ठरलं तेव्हा वडिलांनी बोटावर वर्षं मोजून दिली होती. तेवढ्यात जमलं तर जमलं, नाहीतर भट्टीवर यायचं. संपाचं वर्ष त्यांचं शेवटचं होतं. सत्र बुडालं तसे ते घरी जाऊन विटा वाहायलाही लागले होते, आणि तिथे मोठ्या सरांचा निरोप पोचला, की परीक्षा होणार, निघून ये. ते आले. परीक्षेच्या सकाळी पोलिसांनी पोरांना रांगेत फाटकातून आत घेतलं. बाजूला संपावरचे शिक्षक बसलेले. काहींनी शिव्या घातल्या, एकानं चप्पल भिरकावली. पण त्यांच्यात गणिताचे सर बसले होते, ज्यांनी या पोराला पहिल्या वर्षी संध्याकाळी थांबवून फुकट शिकवलं होतं. त्यांनी पोराकडे पाहिलं आणि मान फिरवली.

“शिव्यांचं काही वाटलं नाही,” सर म्हणाले. “ती फिरवलेली मान मात्र बरीच वर्षं दिसायची. नंतर मी इथेच नोकरीला लागलो, पण त्यांच्यासमोर जायचं मी टाळलं. मग तुमचं प्रकरण आलं हातात, आणि त्यात तो शब्द.”

“मला हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तेव्हा मी संपादक होतो. संपादकाला पुरावा नाही म्हणता येतं. लाज वाटते असं म्हणता येत नाही.”

तो शब्द आपण लिहिला होता हे त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. एकोणतिसाव्या वर्षी दात ओठ खाऊन लिहिताना असे कितीतरी शब्द पडत गेले असतील. त्यांनी सरांना आईकडून कळलेलं सांगितलं: बाबांना परत जावंसं वाटत होतं, मुलांच्या वर्षासाठी जीव तुटत होता. मान फिरवली ती रागानं की आणखी कशानं, हे आता कुणाला सांगता येणार नाही. सर म्हणाले, नाही सांगता येणार. मग दोघंही आपापल्या कागदांत मान घालून बसले. संध्याकाळी बराकीला कुलूप लावताना सर म्हणाले, की ऊन उतरलंय, वसाहतीपर्यंत चालत येतो तुमच्याबरोबर. बस पुढच्या थांब्यावरूनही मिळते. मॅडम हो म्हणाल्या, आणि दोघं चालत निघाले.

त्यानंतर प्रकरण लिहायला घेतलं. लिहिताना दोघांची खरोखरची भांडणं झाली, पंचवीस वर्षांत झाली नव्हती एवढी. ‘मोडून काढला’ की ‘मोडला’ यावर एक अख्खी दुपार गेली. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्या चौघांबद्दल सर हात आखडता घेताहेत, असं मॅडमना वाटायचं. मोठ्या सरांनी किती घरं वाचवली त्याला मॅडम एका ओळीत गुंडाळतात, असं सरांचं म्हणणं. त्या चौघांपैकी एकच जण हयात होते, रसायनशास्त्राचे. दोघं त्यांना भेटायला गेले तर ते संपाबद्दल चार वाक्यं बोलले आणि मग तासभर मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल. परत येताना मॅडमना हसू आवरेना, आणि सरही हसले. शेवटी कुणीच कुणाचं पटवून घेतलं नाही. दोघांनी आपापली बाजू शेजारी शेजारी लिहिली आणि ‘याबाबत लेखकांमध्ये मतभेद आहेत’ असं सरळ म्हणून टाकलं. मॅडम थकलेल्या होत्याच, पण ती दमणूक समितीच्या रकान्यांसारखी नव्हती. घरी जाऊन झोप लागायची.

मसुदा कुलसचिवांकडे गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. कुलसचिव मनानं वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला, ग्रंथाची तोंड भरून स्तुती केली. फक्त त्या एका प्रकरणाबद्दल कुलगुरूंचं असं म्हणणं पडलं, की महोत्सवाच्या ग्रंथात सूर सकारात्मक असावा. शिवाय तासावरच्या शिक्षकांनी सध्या निवेदनं द्यायला सुरुवात केलीच आहे, त्यांच्या हातात आपण होऊन कशाला काही द्या. तेव्हा एखादी ओळ ठेवावी, ‘काही अडचणींवर मात करत’ वगैरे.

मॅडम पुन्हा रागाची वाट पाहत बसल्या. आला नाही. हे असंच होणार हे त्यांना लिहितानाच माहीत होतं, आणि उलट वाद घालायला लागणारी वाक्यंही पाठ होती. ती उच्चारायचा मात्र कंटाळा आला होता. बोलले ते सर. आयुष्यभर कुठल्याही साहेबापुढे ‘बरोबर आहे’ यापलीकडे न गेलेले सर म्हणाले, “मग आमची दोघांची नावं काढा.”

मॅडमना क्षणभर वाटलं, आता काहीतरी होईल. साहेब विनवतील, निदान विचार करू म्हणतील. कुलसचिवांनी डायरी उघडली आणि म्हणाले, “काही हरकत नाही. संपादक मंडळ असं टाकू. चहा घ्या, थंड होतोय.”

दोघं बाहेर आले. जिन्यावर सर थांबले आणि म्हणाले, एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, सोपंच असतं सर, आपणच ते इतकी वर्षं अवघड धरून बसतो.

ग्रंथ निघाला. जाडजूड, गुळगुळीत कागदाचा, आजवरच्या सगळ्या कुलगुरूंच्या पानभर छायाचित्रांसकट. समारंभाला दोघं मागच्या रांगेत बसले आणि भाषणं संपायच्या आत उठले. महिनाअखेर सर निवृत्त झाले. निरोपाला विभागात मॅडम, तासावरचे चार शिक्षक आणि शिपाई. सरांना एक घड्याळ दिलं. सर मोठ्या सरांविषयी बोलले, मग एका टिपेत शिरले, टिपेतून दुसऱ्या टिपेत, आणि शिपायानं दाराशी उभं राहून घसा खाकरला तेव्हा थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी. ती जागा भरायची फाइल मॅडमनी पाठवून दिली, कुठे जाणार आहे हे माहीत असूनही.

नवं सत्र सुरू झालं. एम.ए.ला सात प्रवेश झाले, येत होती पाच. अभ्यासक्रम पुन्हा बदलला होता आणि त्यात ‘स्थानिक इतिहास’ नावाचा एक पेपर आला होता, ज्याला पुस्तकच नव्हतं. वाचनासाठी काय लावायचं हे प्रमुखानं ठरवायचं होतं. मॅडमनी संपाच्या प्रकरणाच्या झेरॉक्स काढल्या आणि वाटल्या. यात आपण काही पराक्रम करतोय असं त्यांना वाटलं नाही. वाचायला दुसरं काही नव्हतं, आणि हे बरं लिहिलेलं होतं. मग त्यांनी सरांना फोन केला, एका गुरुवारी याल का. मानधन मिळणार नाही, तेही सांगितलं. सर म्हणाले, घरी बसून तरी काय करतोय, सूनबाई दिवसातून चार वेळा विचारते बाबा चहा घेणार का, तेवढंच.

सर आले. दोघं मुलांसमोर खुर्च्या टाकून बसले, एकाच बाजूला. सरांनी परीक्षेची सकाळ सांगितली, भट्टी सांगितली. मॅडमनी फाटकाशी पाहिलेले वडील सांगितले, आणि आईनं सांगितलेली जेवणंही. मुलं हसली. मागच्या बाकावरची एक मुलगी सगळा वेळ खाली मान घालून लिहीत होती. ती सकाळी एका शिकवणीत शिकवून मग तासाला यायची. तिनं हात वर केला.

“मॅडम, पण संपानंतर ते शिक्षक कायम झाले का?”

मॅडमनी सरांकडे पाहिलं. एवढं लांब प्रकरण, शब्दाशब्दावर भांडून लिहिलेलं, आणि त्यात हे कुठेच नव्हतं. कुणाची चूक, यातच दोघं गुंतून पडले होते.

“झाले,” मॅडम म्हणाल्या. “तीनेक वर्षांनी. बहुतेक जण.”

“संपामुळे?”

“माझे वडील म्हणायचे, संपामुळे.”

“मोठे सर म्हणायचे, त्यांनी वर शब्द टाकला म्हणून,” सर म्हणाले. “आणि खरं म्हणजे मध्ये सरकारही बदललं होतं, आणि त्या सरकारात जे शिक्षणमंत्री होते त्यांचं असं झालं होतं, की...”

“सर,” मॅडम म्हणाल्या.

सर थांबले. मुलीनं विचारलं, मग परीक्षेत काय लिहायचं. मॅडम म्हणाल्या, तिन्ही लिही, आणि तुला कुठलं पटतं ते लिही. मुलीला हे फारसं आवडलं नाही. पाठ करायला सोपं असं काही तिला हवं होतं, आणि तिला दोष तरी काय द्यायचा. मॅडमना वाटलं, तिला विचारावं, शिकवणीत तिला किती तासांचं काम आहे, टिकणारं आहे का. पण तेवढ्यात पुढच्या तासाचे शिक्षक दारात येऊन उभे राहिले होते, खांद्याला पिशवी, हातात हजेरीपत्रक. त्यांना इथून सुटून गावातल्या दुसऱ्या कॉलेजात पळायचं होतं. खोली रिकामी करून दिली.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, पुढच्या गुरुवारी डोळे तपासायचे आहेत, त्याच्या पुढच्या गुरुवारी येतो. तोवर ते कायम करण्याचं नेमकं कसं झालं, ते दोघांनीही बघून ठेवू. मॅडम हो म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांच्या लक्षात आलं की हे आणखी एक काम अंगावर आलं. घर उलट्या दिशेला होतं, तरी त्या थांब्यापर्यंत गेल्या. बस नेहमीसारखी उशिरा होती. दोघं बाकावर बसले, आणि सरांनी त्या शिक्षणमंत्र्यांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. या खेपेला मॅडमनी त्यांना थांबवलं नाही.